परतीचं विमान: ग्रुप पुणे विमानतळावर सुटत नाही

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावकडच्या आपल्या घरांमध्ये एकच विषय सुरू होतो. यंदा कुठं जायचं? चार-पाच घरं एकत्र येतात, कुणी एजंट शोधतं, कुणी पैसे गोळा करतं आणि वीस-बावीस माणसांचा ग्रुप काश्मीरला निघतो. जायची तयारी महिनाभर चालते. स्वेटर कुणाकडे आहेत, मसाला कोण दळून आणणार, लहानग्यांचं दूध कसं न्यायचं, सगळं ठरतं. परतीच्या प्रवासाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. "आता काय, घरीच तर जायचंय," एवढ्यावर विषय संपतो.

आम्हीही असंच केलं होतं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या पाच घरांची आम्ही बावीस माणसं मे महिन्यात श्रीनगरला गेलो. आठ दिवस अल्हम्दुलिल्लाह छान गेले. परतीच्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्ता करताना शेजारच्या टेबलावरच्या प्रवाशांकडून कळलं की आपलं विमान दोन तास अलीकडे आलं आहे. कंपनीनं मेसेज पाठवला होता, पण तिकिटावर नंबर एजंटचा होता आणि एजंट गावाकडे झोपलेला होता. धावतपळत विमान गाठलं. दिल्लीत विमान बदलून रात्री साडेबाराला पुण्यात उतरलो. बॅगा आल्या तसा जो तो आपापल्या गाडीकडे पळाला. "खुदा हाफिज, फोन करतो," म्हणत दहा मिनिटांत ग्रुप विरघळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की ग्रुपमधल्या खाला आणि त्यांच्या दोन मुली फजरपर्यंत विमानतळाबाहेरच बसून होत्या. त्यांना न्यायला येणारी गाडी आलीच नव्हती. खालांनी कुणालाच फोन केला नाही. "सगळे थकले होते, कशाला त्रास द्यायचा?" एवढंच त्या म्हणाल्या. आम्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आठ दिवस एका दस्तरखानावर जेवलेली माणसं शेवटच्या रात्री एकमेकांना विसरली होती.

म्हणून हा लेख. परतीच्या हवाई प्रवासात काय काय होऊ शकतं, त्याचे नियम काय आहेत आणि निघण्याआधीच काय ठरवून ठेवावं, हे आम्ही इथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

परतीचा अमीर आधी ठरवा

तिघं जण सफरला निघाले तरी एकाला अमीर नेमावं, ही आपल्या दीनची शिकवण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. जाताना हे काम एजंट किंवा टूर मॅनेजर करतो. पण पुष्कळ टूरमध्ये मॅनेजर श्रीनगरच्या विमानतळावर सोडून तिथूनच पुढच्या ग्रुपकडे जातो. म्हणजे परतीच्या प्रवासात ग्रुप बिनअमीर असतो. त्यामुळे घरून निघण्याआधीच ग्रुपमधल्या एकाला ही जबाबदारी द्या आणि सोबत एका बाईलाही द्या. बायकांच्या अडचणी बायकाच एकमेकींना सांगतात.

अमीरकडे एका कागदावर यादी हवी: प्रत्येकाचं नाव, वय, फोन, घरच्या एका माणसाचा फोन, चालू असलेली औषधं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुण्यात उतरल्यावर हा माणूस कुणासोबत आणि कोणत्या गाडीने घरी जाणार. ही शेवटची नोंद आमच्या यादीत नव्हती.

तिकिटावरचं नाव आणि तिकिटावरचा नंबर

आपल्या नावांचा घोळ जुना आहे. आधारवर 'शेख', पॅन कार्डवर 'शेक', तिकिटावर मधलं नाव गायब. कुठे मोहम्मद पूर्ण लिहिलेलं, कुठे नुसतं 'मो.' किंवा 'एमडी'. लग्नानंतर कागदोपत्री नाव बदललेल्या मुलीचं आधार जुनंच. जाताना एखादा जवान समजून घेतो, येताना दुसरा अडवतो. तिकीट हातात पडल्याबरोबर प्रत्येकाचं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. ग्रुपचं तिकीट, म्हणजे सहसा दहा किंवा जास्त माणसांचं एकत्र बुकिंग, वेगळ्या अटींवर असतं. त्यात नाव बदलणं शेवटच्या दिवसांत अवघड होतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचा जन्मदाखला जाताना आणि येताना, दोन्ही वेळी जवळ ठेवा.

आता नंबर. एजंट सगळ्या तिकिटांवर स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतात. विमानाची वेळ बदलली, उड्डाण रद्द झालं, तर मेसेज त्यांनाच जातो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत असंही आहे की बुकिंग करताना पुरेसा संपर्क दिलेला नसेल तर उड्डाण रद्द झाल्याची भरपाई मागता येत नाही. त्यामुळे ग्रुपमधल्या निदान दोघांचे नंबर तिकिटावर टाकायला लावा.

काश्मीरला जाणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. म्हणजे ज्यांचा नंबर तिकिटावर आहे त्यांच्याकडे पोस्टपेड सिम असायला हवं. शिवाय निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी, हॉटेलच्या वायफायवरून का होईना, पीएनआर टाकून विमानाची वेळ स्वतः तपासा.

दिल्लीत विमान बदलायचं असेल तर

श्रीनगरहून पुण्याला येताना पुष्कळदा दिल्लीत विमान बदलावं लागतं. इथे एक प्रश्न एजंटला नक्की विचारा: दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का?

एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची असते. बॅगाही सहसा थेट पुण्यापर्यंत जातात. पण स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढलेली असतील, तर दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी काही देणंघेणं नसतं. तिकीट गेलं, नवं काढा. वीस माणसांची त्याच दिवशीची नवी तिकिटं म्हणजे काय रक्कम होते, याचा हिशोब घरीच करून बघा. शिवाय दिल्लीत बॅगा उतरवून घेऊन पुन्हा जमा कराव्या लागतात.

दिल्ली विमानतळाचे टर्मिनलही लक्षात ठेवा. दोन आणि तीन नंबरचे टर्मिनल शेजारी आहेत, पण एक नंबरचा काही किलोमीटर लांब आहे आणि तिथे जायला बस किंवा टॅक्सी लागते. दादी-नानी आणि लेकरं घेऊन हे सगळं दीड तासात होत नाही. मध्ये तीन-चार तास ठेवा.

ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर ती विमान सुटण्याच्या निदान ४८ तास आधी नोंदवा, आणि जातानाची नोंद झाली म्हणजे येतानाची झाली असं समजू नका.

सामान: येताना वजन वाढतंच

देशांतर्गत स्वस्त तिकिटावर साधारणपणे १५ किलो मोठं सामान आणि ७ किलो हातातलं सामान चालतं. जाताना बॅग १३ किलोची असते. येताना तिच्यात अक्रोड, बदाम, कहवा, शाली, फेरन आणि पोरांसाठी बॅट येऊन बसते. एकाच पीएनआरवरची माणसं एकत्र बॅगा जमा करत असतील तर वजन एकत्र धरलं जातं. एकाचे १८ आणि दुसऱ्याचे १२ किलो असतील तर निभावतं. म्हणून घरागणिक एकत्र उभे राहा. हॉटेलवरच वजन करून घ्या. काउंटरवर बॅग उघडून सगळ्यांसमोर कपडे काढत बसण्याइतका लाजिरवाणा प्रकार नाही.

काही वस्तूंबद्दल नेहमी गोंधळ होतो, त्या एकदा बघून घेऊ.

- क्रिकेटची बॅट हातात घेऊन विमानात जाता येत नाही. ती मोठ्या बॅगेत किंवा वेगळं सामान म्हणून जमा करावी लागते.
- पॉवर बँक उलट आहे. ती फक्त हातातल्या सामानात ठेवायची, जमा करायच्या बॅगेत नाही.
- उरलेला मिरचीमसाला आणि लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका. मोठ्या बॅगेत, नीट बांधून ठेवा.
- सुकं खोबरं तेलकट असल्यामुळे पेट घेणारा पदार्थ मानलं जातं आणि तपासणीत अडवलं जातं. उरलं असेल तर हॉटेलच्या स्वयंपाक्याला देऊन या.
- काडेपेटी आणि लायटर कुठेच चालत नाहीत.
- औषधं, इन्सुलिन, डॉक्टरांची चिठ्ठी, घराची किल्ली आणि केशरासारखी महाग वस्तू हातातल्याच बॅगेत असू द्या.

श्रीनगरला चार तास आधी पोहोचा

श्रीनगरचं विमानतळ बडगाम जिल्ह्यात आहे आणि तो हवाई दलाचा तळ आहे. त्यामुळे तपासणी विमानतळाच्या इमारतीत सुरू होत नाही, त्याच्या आधीच्या फाटकावर सुरू होते. तिथे गाडीतून सगळं सामान उतरवायचं, यंत्रातून घालायचं, प्रत्येकाची झडती होते आणि मग पुन्हा गाडीत बसायचं. सुट्टीच्या दिवसांत तिथे गाड्यांची लांब रांग लागते. पुढे इमारतीत शिरताना आणि विमानात जाण्याआधी पुन्हा तपासणी. फोटो काढू नका. पुण्याचं लोहगावही हवाई दलाचंच आहे, तिथेही धावपट्टीचे फोटो-व्हिडिओ काढू नयेत.

पोरांना आधीच समजावून ठेवा की इथे थट्टेतसुद्धा भलते शब्द बोलायचे नाहीत. तपासणी सगळ्यांचीच होते, आपल्यालाच थांबवलं असं मनात आणू नका. बुरखा-नकाब घालणाऱ्या भगिनींची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात. तसं मोकळेपणाने सांगावं.

उड्डाण लांबलं किंवा रद्द झालं तर

इथे आपली माणसं एकतर गप्प बसतात नाहीतर एकदम भांडतात. दोन्हीची गरज नाही. डीजीसीएचे नियम साधे आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तास किंवा जास्त लांबलं तर काउंटरवर वेळेवर पोहोचलेल्या प्रवाशांना खाणंपिणं द्यायचं असतं. सहा तासांपेक्षा जास्त लांबणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडता येतं. २४ तासांवर गेलं, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांपेक्षा जास्त लांबलं, तर हॉटेलची सोय.

न कळवता उड्डाण रद्द केलं तर दुसरं विमान किंवा परतावा मिळतोच, शिवाय प्रवासाच्या लांबीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंत भरपाई असते. मात्र मूळ भाडं आणि इंधन आकार यांची बेरीज त्याहून कमी असेल तर तेवढीच रक्कम मिळते. खराब हवामान, सुरक्षेची परिस्थिती अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई मिळत नाही, पण परतावा मागता येतो. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. त्यासाठी बोर्डिंग पास, मेसेज आणि बिलं जपून ठेवा.

ग्रुपसाठी एक खास सूचना. "आठ सीट या विमानात आहेत, बाकीचे उद्या," असं सांगितलं जातं तेव्हा तरुण आणि घाईतली माणसं पुढे सरकतात आणि म्हातारी माणसं मागे राहतात. वाटणी अमीरने करावी. प्रत्येक गटात एक धडधाकट, फोन आणि पैसे असलेला माणूस हवाच.

सगळंच बंद होतं तेव्हा

असं कधीतरीच होतं, पण होतं. एप्रिल २०२५ मध्ये आपण ते पाहिलं. रामबनजवळ दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर रस्ता बंद होता आणि त्यातच २२ एप्रिलला पहलगामच्या हल्ल्यात २६ निरपराध माणसं मारली गेली. त्यात पर्यटकांसाठी पुढे झालेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाहही होता. हजारो पर्यटक एकाच वेळी घरी परतायला निघाले. जादा विमानं सोडावी लागली, महाराष्ट्र सरकारनेही खास विमानांची सोय केली. पुढे मे महिन्यात श्रीनगरसह देशातली ३२ विमानतळं काही दिवस बंदच होती. आणि वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, त्याची तयारी कमी पडली आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. पुण्यातही माणसं बॅगांवर डोकं ठेवून झोपली.

अशा वेळी तीन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, राखीव पैसा. माणशी ठरावीक रक्कम अमीरकडे वेगळी ठेवा, लागली नाही तर परत वाटा. दुसरी, एक मोकळा दिवस. शाळा, नोकरी किंवा घरच्या निकाहच्या अगदी आदल्या रात्रीचं परतीचं तिकीट काढू नका. तिसरी, दुसरी वाट ठाऊक असणं. जून २०२५ पासून श्रीनगर ते कटरा रेल्वे सुरू झाली आहे आणि जम्मूहून पुण्याला झेलम एक्स्प्रेस येते. प्रवास लांबचा आहे, पण वाट आहे. आणि औषधं नेहमी चार दिवस जास्तीची ठेवा.

मुसाफिर कुठपर्यंत?

परतताना नमाजबद्दलही बरेच जण विचारतात. पुणे विमानतळावर उतरलो, आपल्याच जिल्ह्यात आलो, आता पूर्ण नमाज पढायची का? हनफी मसलकनुसार सफरहून परतणारा माणूस आपल्या गावाच्या हद्दीत शिरेपर्यंत मुसाफिरच असतो. लोहगावला इशा पढली तर जुन्नरकर आणि मंचरकर तिथे कसरच करतील, म्हणजे चारऐवजी दोन रकात फर्ज. स्थानिक इमामाच्या मागे पढत असाल तर मात्र पूर्ण. बाकी बारकावे आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना निघण्याआधी विचारून घ्या.

या मसल्यातच आमच्या चुकीचं उत्तर आहे, हे आमच्या नंतर लक्षात आलं. शरीअत म्हणते, सफर गावाच्या वेशीवर संपतो. आम्ही तो बॅगांच्या पट्ट्यापाशीच संपवला होता.

लोहगाव ते घर: सगळ्यात धोक्याचा टप्पा

लोहगावहून जुन्नर साधारण ९० किलोमीटर. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. हा पुणे-नाशिक महामार्ग आपल्या सवयीचा आहे, म्हणूनच त्याची भीती वाटत नाही. १७ जानेवारी २०२५ ला याच रस्त्यावर नारायणगावजवळच्या अपघातात नऊ जणांचा जीव गेला, आणि तो तर दिवसाचा अपघात होता.

आपल्याकडे काय होतं बघा. विमान रात्री साडेबाराचं, पण गाडीवाला रात्री आठलाच गावाहून निघतो. चाकणच्या कोंडीत अडकतो, पार्किंगमध्ये अर्धवट झोपतो, विमान आणखी लांबतं. पहाटे दोनला तो बारा-पंधरा माणसं घेऊन निघतो. मागे सगळे झोपलेले, पुढे तो एकटा डोळे चोळतोय. वैमानिकाच्या झोपेसाठी देशात नियम आहेत आणि त्यासाठी हजारो उड्डाणं थांबली. आपल्या गाडीवाल्याच्या झोपेची काळजी आपणच घ्यायला हवी.

म्हणून शक्य असेल तर दिवसा उतरणारं विमान घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. रात्रीचं असेल तर गाडीला दोन ड्रायव्हर सांगा, किंवा पुण्यातल्या नातेवाइकाकडे किंवा लॉजवर थांबून फजरनंतर निघा. एकट्या माणसाला सकाळी वाकडेवाडी स्थानकावरून एसटी मिळते. ड्रायव्हरच्या शेजारी जागा राहणारा, बोलणारा माणूस बसवा.

गाडी गावात पोहोचली तरी काम संपत नाही. आपल्या भागात पुष्कळ घरं उसाच्या मळ्यातल्या वस्त्यांवर आहेत, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पहाटे तीनला फाट्यावर उतरवून "इथून जाल ना?" असं कुणाला विचारू नका. गाडी दारापर्यंत न्या, आतला दिवा लागेपर्यंत थांबा. घरच्यांना आधी फोन करा. मध्यरात्री न कळवता घरी थडकू नये, हाही आपल्याला शिकवलेला अदब आहे.

मग प्रत्येकाने ग्रुपवर एकच शब्द टाकायचा: "पोहोचलो." अमीरने यादीवर खूण करायची. बावीसची बावीस नावं झाली की अमीरने झोपावं, त्याआधी नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही पुन्हा गेलो. तेच घरं, तीच खाला. येताना पुण्यात दुपारी चारला उतरलो, सगळे एका जागी थांबलो, माणसं मोजली, गाड्या वाटल्या. घोडेगावच्या बाजूची गाडी आधी पाठवली. रात्री साडेनऊला शेवटचा मेसेज आला, खालांचा. त्यांना टाईप करता येत नाही, म्हणून त्यांनी आवाज पाठवला होता: "पहुंच गए बेटा, दरवाजा लगा लिया. अब तुम भी सो जाओ."

त्यानंतर अमीरने यादी घडी घालून खिशात ठेवली.